कॉफीचा कप : समज, गैरसमज आणि सावधगिरी

मराठी घरात चहा रोजचा असतो, कॉफी निमित्ताची. पाहुण्यांसाठी, उपवासाच्या दिवशी, पावसाळी संध्याकाळी, परीक्षेच्या रात्री किंवा ‘जरा कसकस वाटते आहे’ म्हणून ती होते. दुधात उकळलेली, भरपूर साखरेची आणि वर जायफळ किसून घातलेली. निमित्ताच्या वस्तूभोवती समजुती लवकर गोळा होतात. कॉफी उष्ण असते, कॉफीने हाडे ठिसूळ होतात, अंगातले पाणी जाते, रक्तदाब असणाऱ्याने तिला शिवू नये, मधुमेह असणाऱ्याने मात्र ती औषध म्हणून घ्यावी, आणि जायफळ घातले की झोपेचे भय नाही. या सगळ्या समजुती एकाच स्वयंपाकघरात सुखाने नांदत असतात.

धडधाकट तरुणाने यांपैकी काही मानले किंवा न मानले, तरी फारसे बिघडत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आणि दिवसाला पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. एकीकडे निष्कारण भीतीपोटी तिच्या दिवसातला एक साधा आनंद काढून घेतला जातो. दुसरीकडे जेथे खरोखर जपायला हवे, तेथे कोणाचे लक्षच नसते. म्हणून या समजुती एकेक करून पारखून पाहू.

कपात नेमके काय असते?

कॉफीतील मुख्य उत्तेजक द्रव्य म्हणजे कॅफीन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार, १५० मिलिलिटरच्या कपात बियांच्या पुडीपासून काढलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसभरात सर्व मिळून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे त्याच सूचना सांगतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी ही मर्यादा ४०० मिलिग्रॅम धरली होती. आपल्या देशाची सूचना अधिक सावध आहे, आणि ज्येष्ठांनी तीच प्रमाण मानावी.

येथे पहिला गैरसमज आढळतो. ‘मी कॉफी घेतच नाही, फक्त चहा घेतो,’ असे म्हणणारी व्यक्ती दिवसाला पाच कप चहा घेत असेल, तर तिच्या पोटात दोन-तीन कप कॉफीइतके कॅफीन जात असते. हिशेब चहा आणि कॉफीचा एकत्र करावा लागतो. डोकेदुखीवरील काही गोळ्यांतही कॅफीन असते. तेही याच खात्यात जमा होते.

दुसरा गैरसमज रंगाचा. कॉफी जितकी काळी आणि कडू, तितकी ती ‘कडक’, असे आपण मानतो. बिया अधिक भाजल्याने रंग आणि कडवटपणा वाढतो, कॅफीन वाढत नाही. फरक पडतो तो बियांच्या जातीने. रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते. फिल्टर कॉफीच्या पुडीत अनेकदा चिकोरी मिसळलेली असते. ही एका वनस्पतीची भाजलेली मुळी. तिने रंग आणि दाटपणा येतो, पण तिच्यात कॅफीन मुळीच नसते. भारतीय नियमांप्रमाणे अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. ते वाचण्याची सवय ठेवावी. ‘डिकॅफ’ म्हणून मिळणाऱ्या कॉफीतही कॅफीन शून्य नसते, थोडे उरतेच.

‘जायफळ घातले की झोप मोडत नाही’

ही समजूत खास आपल्याकडची. जायफळ झोप आणते आणि कॉफी झोप उडवते, म्हणून दोन्ही एकत्र केली की हिशेब बरोबर, असा यामागचा तर्क. शरीर असा हिशेब करीत नाही. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे हळूहळू झोपेची ओढ लागते. अ‍ॅडेनोसिन ज्या जागी बसून आपले काम करते, नेमक्या त्या जागा कॅफीन अडवून धरते. थकवा असतो, पण तो जाणवत नाही. चिमूटभर जायफळाने त्या जागा मोकळ्या होत नाहीत. चिमूट स्वादासाठी जरूर घालावी, पण झोपेच्या आशेने मात्रा वाढवू नये. अख्ख्या जायफळाएवढी पूड पोटात गेल्यास मळमळ, छातीत धडधड, भ्रम अशी विषबाधेची लक्षणे दिसू शकतात.

शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास प्रौढ माणसात सरासरी पाच तास लागतात. कोणास कमी, कोणास बरेच अधिक. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतील निम्मे कॅफीन रात्री दहालाही शरीरात असते आणि पहाटे तीनला पाव हिस्सा उरलेला असतो. ‘मला कॉफीने काही होत नाही, मी लगेच झोपतो,’ असे अनेक जण सांगतात. झोप लागणे आणि ती गाढ लागणे, यांत अंतर आहे. २०१३ मधील एका अमेरिकी प्रयोगात झोपण्यापूर्वी तब्बल सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून अधिक घटली. ही मात्रा मोठी होती हे खरे. परंतु वयोमानाने झोप आधीच हलकी आणि तुटक झालेली असते, आणि तेथे लहान मात्राही जाणवू शकते.

येथे खरे काय पणाला लागते, ते नीट पाहावे. संध्याकाळच्या कॉफीने झोप चाळवते, लघवीला उठावे लागते, उठताना अंधारात तोल जातो. किंवा ‘झोप येत नाही’ अशी तक्रार डॉक्टरांकडे जाते, झोपेची गोळी सुरू होते आणि त्या गुंगीत रात्री पडण्याचा धोका आणखी वाढतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे ही केवढी आपत्ती असते, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. म्हणून झोपेची गोळी मागण्यापूर्वी दुपारी दोननंतरचा चहा आणि कॉफी दोन आठवडे बंद करून पाहावी. कित्येकदा तेवढ्यानेच फरक पडतो.

‘कॉफीने अंगातले पाणी जाते, हाडे ठिसूळ होतात’

कॅफीनने लघवीचे प्रमाण थोडे वाढते, विशेषतः ज्याला सवय नाही त्याचे. पण कपातून पोटात गेलेले पाणी त्याहून जास्त असते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज २०० मिलिलिटरचे चार कप कॉफी आणि दुसऱ्या खेपेस तितकेच पाणी दिले. शरीरातील पाण्याच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही. तेव्हा माफक कॉफीने शरीर शुष्क होते, ही भीती अनाठायी आहे. उन्हाळ्यात ज्येष्ठांना पाणी कमी पडते, त्याचे कारण बहुधा वेगळे असते. वयाबरोबर तहान कमी जाणवते, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी मुद्दाम कमी प्यायले जाते.

हाडांच्या बाबतीत समजुतीत तथ्याचा एक कण आहे. कॅफीनमुळे आतड्यातून होणारे कॅल्शियमचे शोषण किंचित घटते. परंतु ही तूट इतकी लहान असते की एक-दोन मोठे चमचे दुधाने ती भरून निघते. आपल्याकडच्या दुधाच्या कॉफीत ती कपातच भरून निघालेली असते. ज्या घरात दूध-दही वर्ज्य आहे आणि काळ्या कॉफीचे कपावर कप होतात, तेथे मात्र कॅल्शियमकडे लक्ष द्यायला हवे.

‘कॉफीने कर्करोग होतो’

या भीतीचा इतिहास उद्बोधक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून नोंदवले होते. पंचवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, एक हजाराहून अधिक अभ्यास तपासून त्याच संस्थेने कॉफीला त्या यादीतून काढले. जुन्या निष्कर्षांत धूम्रपानाचा घोटाळा होता. भरपूर कॉफी पिणाऱ्यांत सिगारेट ओढणारे अधिक होते, आणि सिगारेट हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे निश्चित कारण आहे. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी आले होते.

त्याच वेळी संस्थेने एक वेगळा इशारा दिला, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाचे कोणतेही पेय नित्य पिण्याने अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, असे तिने नोंदवले. दोष कॉफीचा किंवा चहाचा नसून चटक्याचा आहे. ‘गॅसवरून उतरवल्यावर लगेच, जीभ पोळेल असाच हवा’ असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बशीत ओतून, फुंकर घालून पिण्याची आजोबांची पद्धत आणि दक्षिणेत पेल्यातून वाटीत उंचावरून ओतण्याची रीत, दोन्ही या दृष्टीने शहाणपणाच्या ठरतात.

‘हृदयविकार आणि रक्तदाब असेल तर कॉफी बंद’

पूर्वी छातीत धडधड होणाऱ्या प्रत्येकास कॉफी वर्ज्य सांगितली जाई. आता चित्र अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेत १०० निरोगी प्रौढांवर झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहू. त्यात कोणत्या दिवशी कॉफी घ्यायची आणि कोणत्या दिवशी नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील अवेळी ठोके कॉफीने लक्षणीय वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतील मात्र काहीसे वाढले. कॉफीच्या दिवशी माणसे सुमारे हजार पावले अधिक चालली आणि सुमारे ३६ मिनिटे कमी झोपली. अनियमित ठोक्यांच्या विकारावर उपचार घेतलेल्या २०० रुग्णांवरील दुसरा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने रोज किमान एक कप कॉफी घेणाऱ्यांत हा विकार ४७ टक्के जणांत उलटला, तर कॉफी सोडलेल्यांत ६४ टक्के जणांत. यावरून कॉफी हे हृदयाचे औषध ठरत नाही. पण सरसकट बंदीचा आधार मात्र ढासळतो. कॉफीनंतर स्वतःला धडधड जाणवत असेल, तर तो अनुभव कोणत्याही प्रयोगाहून मोठा मानावा आणि डॉक्टरांना सांगावा.

रक्तदाबाचे थोडे निराळे आहे. कॅफीनने तो काही काळ वाढतो. सवय असणाऱ्यात कमी, सवय नसणाऱ्यात अधिक. म्हणून रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये. अन्यथा चुकीचा आकडा नोंदला जाऊन औषध विनाकारण वाढण्याचा संभव असतो. रक्तदाब औषधाने आटोक्यात असलेल्यांना दिवसाला एक-दोन कप सहसा बाधत नाहीत. परंतु १६०/१०० किंवा त्याहून अधिक रक्तदाब असणाऱ्यांनी जपावे. जपानमध्ये १८ हजारांहून अधिक लोकांचा सुमारे १९ वर्षे मागोवा घेतलेल्या अभ्यासात, एवढा तीव्र रक्तदाब असून रोज दोन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताने होणारे मृत्यू जवळजवळ दुप्पट आढळले. एका कपाने धोका वाढलेला दिसला नाही.

कोलेस्टेरॉलचा संबंध येतो तो कॉफीतील तेलांशी. पूड पाण्यात उकळून न गाळता घेतलेल्या कॉफीत ही तेले अधिक उतरतात आणि घातक कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी गाळणी त्यांना अडवते, इन्स्टंट कॉफीत ती नगण्य असतात. धातूची गाळणी चोथा अडवते, तेले कागदाइतकी अडवत नाही.

‘कॉफी हे औषध आहे’

भीतीच्या दुसऱ्या टोकाला अतिश्रद्धा उभी असते. अनेक मोठ्या पाहणींत कॉफी पिणाऱ्यांना टाइप २ मधुमेह कमी होतो, असे आढळले आहे. पण पाहणी आणि प्रयोग यांत फरक आहे. पाहणीत माणसे जशी जगतात तशी नोंदली जातात. आणि आजारी माणसे कित्येकदा आजारामुळेच कॉफी सोडतात. मग उरलेले कॉफी पिणारे अधिक निरोगी दिसले, तर त्याचे सगळे श्रेय कॉफीला कसे द्यावे?

कंपवाताचे उदाहरण बोलके आहे. हवाईत राहणाऱ्या सुमारे आठ हजार जपानी-अमेरिकी पुरुषांच्या दीर्घ पाहणीत, कॉफी पिणाऱ्यांत कंपवात कमी आढळल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. मग कंपवात झालेल्या रुग्णांना प्रत्यक्ष कॅफीन देऊन पाहिले गेले. २०१७ मध्ये त्याचा निकाल आला: रुग्णांच्या हालचालींत सुधारणा झाली नाही. कॉफी पिणाऱ्यांना एखादा आजार कमी होतो, यावरून झालेला आजार कॉफीने बरा होतो, असे ठरत नाही.

शिवाय या पाहणींतील कॉफी बहुतेक बिनसाखरेची किंवा अल्प साखरेची. आपल्या कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर पडते. तीन कपांत ३० ग्रॅम झाली. वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. मधुमेह टाळण्यासाठी असली कॉफी घेणे म्हणजे रोग हालून इलाज होण्यासारखे. कॉफीत लिंबू पिळल्याने चरबी वितळते किंवा चमचाभर तूप घातल्याने वजन उतरते, यांनाही आधार नाही. लिंबाने आम्लपित्त असणाऱ्याची छाती मात्र जळते, आणि तुपाने कपात संपृक्त चरबी वाढते.

ज्याकडे लक्षच नसते : गोळी आणि कॉफी

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. सकाळची पहिली गोळी अनेक घरांत चहा-कॉफीच्या घोटाबरोबर घेतली जाते. येथेच खरी हानी होते, आणि ती दिसत नाही.

थायरॉइडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन) कॉफीबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाही. तपासणीत आकडे सुधारत नाहीत आणि मात्रा वाढवली जाते, मग एखाद्या दिवशी कॉफी सुटली की तीच मात्रा जास्त ठरते. ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर तासभर कॉफी टाळावी.

हाडांच्या ठिसूळपणावरील अ‍ॅलेंड्रोनेट ही गोळी मुळातच फार थोडी शोषली जाते. कॉफीबरोबर घेतल्यास ते शोषणही सुमारे ६० टक्क्यांनी घटते. ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये आणि आडवे होऊ नये.

लोहाचेही तसेच. एका जुन्या प्रयोगात जेवणाबरोबरच्या एक कप कॉफीने अन्नातील लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहाने ६४ टक्क्यांनी घटले. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने शोषण तितकेच घटले. राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगते. रक्तक्षय असणाऱ्यांनी जेवणानंतरचे अंतर याहून अधिक ठेवावे.

दम्यावरील थिओफिलीन हे औषध कॅफीनचेच भावंड आहे. दोन्ही मिळून हातांची थरथर, धडधड आणि अस्वस्थता वाढू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सुरू असताना शरीरातून कॅफीन बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. त्या दिवसांत नेहमीची कॉफीही जास्त होते. तपासण्यांचेही भान ठेवावे. उपाशीपोटीच्या रक्ततपासणीपूर्वी बिनसाखरेची कॉफीही चालत नाही, फक्त पाणी चालते. अ‍ॅडेनोसिन देऊन केल्या जाणाऱ्या हृदयतपासणीपूर्वी तर चहा, कॉफी आणि डिकॅफ किती तास बंद ठेवायचे, हे रुग्णालयातून विचारून घ्यावे.

सांभाळणाऱ्यांसाठी

कॉफी कमी करायची ठरली, तर ती एका दिवसात तोडू नये. रोजची सवय अचानक सुटल्यास १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, मरगळ येते. हा त्रास दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतो. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या किंवा नुकत्याच रुग्णालयात दाखल झालेल्या ज्येष्ठांचे डोके दुखू लागले, तर त्यांच्या चहा-कॉफीची सवय डॉक्टरांच्या कानावर घालावी. कमी करताना दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करावा, किंवा पुडीचे प्रमाण हळूहळू घटवावे.

एका कागदावर दोन रकाने आखावेत. एकात दिवसभराच्या गोळ्यांच्या वेळा, दुसऱ्यात चहा-कॉफीच्या. आठवडाभर भरलेला तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा. कोणती गोळी कोणत्या कपाशी भिडते आहे, हे त्यांच्या क्षणात लक्षात येईल.

आणि त्या कागदावरून ज्या कपास हरकत नाही असे ठरेल, तो कप आनंदाने हाती द्यावा. वय वाढते तसे पथ्यांची यादी लांबत जाते. मीठ जाते, साखर जाते, तळण जाते. अशा दिवसांत सकाळी अकराची, पिण्याजोगी निवलेली, बेताच्या साखरेची आणि जायफळाच्या वासाची कॉफी कोणाबरोबर तरी बसून घ्यायला मिळणे, हेही आरोग्याचेच अंग आहे.